आडवा टेकू

टेकूला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फक्त बँकेत आणि दवाखान्यात उरली होती. नाटकवाल्यांसाठी तो चोविसाव्या वर्षापासून टेकूच. पहिल्याच दौऱ्यात त्याला हवालदाराचं काम मिळालं होतं. दाराशी उभं राहायचं, बोलायचं काही नाही. एका प्रयोगात मागची भिंत, म्हणजे कापड ठोकलेली लाकडी चौकट, हळूहळू पुढे झुकायला लागली. इकडे नायक-नायिकेचं प्रेम ऐन भरात आलेलं. हवालदार शांतपणे दोन पावलं मागे सरकला आणि ड्यूटीला कंटाळलेल्या माणसासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. पुढची बावीस मिनिटं त्याने ती भिंत पाठीवर तोलली. मधे टोपी काढून वारा घेतला, एकदा झकास जांभई दिली. प्रेक्षक खूश. पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने त्याला कडकडून मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "हा हवालदार नव्हे रे, टेकू आहे टेकू!" नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यानंतर चौतीस वर्षं त्याने असंच तोलून धरण्याचं काम केलं. नाटकात आणि टीव्हीवर मिळून तो एकोणीस वेळा डॉक्टर झाला, अकरा वेळा न्यायाधीश, मुलीचा बाप किती वेळा याची गणतीच नाही. घरमालक, हेडक्लार्क, शाळेचा शिपाई झाला, दोनदा प्रेतही झाला. त्याला उशीर झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्वतःची चार वाक्यं पाठ करताना तो समोरच्याची चाळीस पाठ करायचा. त्यामुळे एखादा बडा नट बोलता बोलता रुळावरून घसरला की टेकू सहज विचारायचा, "म्हणजे मग तुम्ही वकिलाकडे गेलात का?" गाडी पुन्हा रुळावर. प्रेक्षकांना पत्ता नाही.

लोक त्याचा चेहरा ओळखायचे, पण तो कुठला हे त्यांना सांगता यायचं नाही. चपलांच्या दुकानात एका गृहस्थाने त्याला गाठून विम्याची रखडलेली फाइल पुढे सरकवण्याची गळ घातली होती. टेकूने ती फाइल नीट समजून घेतली आणि कुठल्या खिडकीवर जायचं तेही सांगितलं. विमा कचेरीतला साहेब त्याने तीन नाटकांत केला होता.

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचा हिशेब पक्का. "टोपलीभर भूमिका आणि चिमूटभर वाक्यं," ती म्हणायची. टेकू हसून घ्यायचा, पण मनात एक हौस राहिली होती. एकदा तरी सलग दीड पान बोलायला मिळावं. बाकीच्यांनी गप्प बसून ऐकावं आणि "मग काय झालं?" हे दुसऱ्याने विचारावं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला एका मालिकेसाठी फोन आला. नायिकेचे वडील. चार दिवसांचं काम. पहिल्या दिवशी अपघात, मग हॉस्पिटल, चौथ्या दिवशी मुलीचा हात हातात घेऊन लांबलचक निरोप आणि मृत्यू. टेकूने निरोपाची पानं मागून घेतली. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मालिकेचा लेखक सेटवर आला. हा लेखक दोन फोनवर एकाच वेळी बोलायचा आणि नेहमी नुकताच अंथरुणातून उठल्यासारखा दिसायचा. तो म्हणाला, "टेकूकाका, तुम्हाला इतक्यात मारत नाही. कोमात टाकतो."

"आणि निरोप?"

"शुद्धीवर आल्यावर बघू."

पलंगावर आडवं होऊन डोळे मिटायचे, एवढंच काम. टेकूला वाटलं, इतकं सोपं काम आयुष्यात मिळालं नव्हतं. त्या आठवड्यात त्याची मुलगी घरी जेवायला आली होती. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिने आईजवळ बसून तो भाग पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, हा कोमा आहे? तुम्ही तर जेवून वामकुक्षी घेताय!"

"अगं, झोपलेला माणूस झोपलेलाच दिसणार ना?"

"मुळीच नाही. जबडा सैल सोडा. पाय असे बाहेरच्या बाजूला पडायला हवेत. आणि तुम्हाला कुणी कुशीवर वळवतंय का दर दोन तासांनी? पाठीला जखमा होतील तुमच्या."

तिने त्याला दिवाणावर आडवं केलं आणि अर्धा तास शिकवणी घेतली. टेकू परीक्षेला बसल्यासारखा सगळं टिपून घेत होता. दुसऱ्या दिवशी तो दिग्दर्शिकेपुढे वही घेऊन उभा राहिला. ही तिशीतली बाई, सतत घड्याळाकडे बघणारी. कोमातला माणूस सूचना घेऊन आलेला पाहून ती आधी वैतागली, मग वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. त्या दिवसापासून मालिकेतली नर्स टेकूला कुशीवर वळवायला लागली, तळव्यांना आधाराची फळी आली, बोटांना मालीश सुरू झालं. आठवड्याभरात खऱ्या नर्सेसची पत्रं आली की टीव्हीवर पहिल्यांदाच आमचं काम दिसलं.

पण आडवं पडणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. नेमका शॉट सुरू झाला की नाकाला खाज सुटायची. एक माशी तर जणू करार करून आली होती; कॅमेरा चालू झाला की ती त्याच्या भुवईवर हजर. आणि एका दुपारी, नायिका छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडत असताना, टेकू खरोखरच झोपला आणि घोरला. दिग्दर्शिका कट म्हणायचं विसरून हसत खुर्चीवरून खाली आली.

"घरी घोरता ते कमी पडलं वाटतं," बायको म्हणाली.

ही नायिका तेवीस वर्षांची, नृत्याच्या स्पर्धेतून थेट मालिकेत आलेली. नाचायला सांगा, वीज. बोलायला सांगितलं की चौथ्या वाक्याला डोळे भिरभिरायचे. एकदा ती अशीच अडकली. दोनदा कट झाला होता आणि तिसऱ्यांदाही ती त्याच जागी थांबली. तेवढ्यात पलंगावरून, न हलणाऱ्या ओठांतून, दातांच्या फटीतून आवाज आला, "आईच्या साडीची शपथ…"

ती इतकी दचकली की तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. "आईच्या साडीची शपथ, बाबा, मी हे घर सोडणार नाही!" शॉट असा रंगला की प्रकाशयोजनावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं. "काका, तुम्हाला माझी वाक्यं पाठ होती?"

"मला दुसरं काय काम आहे, पोरी? आडवं पडून पाठ करतो."

बातमी सेटवर पसरली. मग कपटी काका करणारा नट, दोन सुना, घरचा वकील, सगळ्यांनाच आपले लांब प्रवेश त्या पलंगाशेजारी व्हावेत असं वाटायला लागलं. लेखकालाही ते सोयीचं पडलं. त्या घरातली माणसं एकमेकांशी खोटं बोलायची आणि खरं बोलायचं असलं की कोमातल्या माणसाकडे यायची. काकाने कागदपत्रांची भानगड तिथेच कबूल केली, धाकट्या सुनेने आपलं जुनं प्रेम तिथेच सांगितलं. सगळ्यांची गुपितं पोटात घेऊन टेकू सात महिने निपचित पडून होता.

घरी त्याची खरी पंचाईत सासूबाईंनी केली. वय शहाऐंशी, कान थोडे मंद, पण जीभ शाबूत. रोज संध्याकाळी साडेसातला त्या टीव्हीपुढे बसायच्या आणि टेकू शेजारी बसलेला असायचा. पडद्यावर कपटी काका बेशुद्ध भावाचा अंगठा कागदावर उमटवून घेत होता तेव्हा त्या शेजारच्या टेकूकडे वळल्या.

"जावईबापू, तुमचा अंगठा घेतला त्याने! अन् तुम्ही झोपा काढा!"

"आई, मी कोमात आहे."

"कोमात कसले? समोर बसून शेंगदाणे खाताय!"

शनिवार-रविवार त्याचं जुनं नाटक चालूच होतं. त्यात तो घरमालक. दुसऱ्या अंकात येऊन भाडेकरूला घर सोडायला सांगायचं, एवढंच. एका शनिवारी तो आत शिरला आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई किंचाळल्या, "अगं बाई, उठले!" सगळं नाट्यगृह टाळ्यांनी कोसळलं. टेकू हातात कुलूप घेऊन उभा. टाळ्या थांबेनात. एंट्रीला टाळ्या पडण्याची ही त्याची पहिलीच वेळ. नायकाचा चेहरा उतरला, पण तोही भला माणूस. तो टेकूला म्हणाला, "या मालक, बसा. तब्येत कशी आहे आता?" टेकू बसला, आणि त्या दिवशी भाडेकरूला घर सोडायला सांगायचंच राहून गेलं.

मग एका सोमवारी मालिकेच्या निर्माती बाईंनी त्याला वर बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. एवढं आदरातिथ्य झालं तेव्हाच टेकूने ओळखलं.

"कथा आठ वर्षं पुढे नेतोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही मधल्या काळात गेलात असं दाखवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका. गुरुवारी शेवटचा प्रवेश."

"चार दिवसांचं काम होतं, बाई. सात महिने चाललं. मी कशाला वाईट वाटून घेऊ?" टेकू म्हणाला. चहा मात्र त्याने अर्धाच प्यायला.

गुरुवारी नायिकेला दोन पानांचं निरोपाचं भाषण होतं, सलग एका शॉटमध्ये. ती सकाळपासून पानं घेऊन येरझाऱ्या घालत होती.

"काका, मला नाही जमायचं."

"जमेल. मी आहे ना शेजारी."

"आज आहात. उद्यापासून कोण?"

टेकूने तिच्या हातातली पानं नीट लावून परत दिली. तो जाऊन पलंगावर पडला, जबडा सैल सोडला, पाय बाहेर पडू दिले. दिग्दर्शिकेने एक कॅमेरा मुद्दाम त्याच्या चेहऱ्याजवळ आणून ठेवला. तिला शेवटचा श्वास जवळून हवा होता.

नायिकेने सुरुवात छान केली. पहिलं पान तिने न अडखळता पार केलं. मग "तुम्ही मला सायकल शिकवलीत" हे वाक्य आलं आणि तिचा बांध फुटला. ती भाषणातलं रडणं सोडून स्वतःचं रडायला लागली. पुढचं वाक्य गेलं. टेकूने दातांतून ते पुरवलं, "आणि हात कधी सोडलात…" तिच्या हुंदक्यांत ते बुडालं. त्याने पुन्हा म्हटलं. तिला ऐकूच येईना. पोरगी मधेच उभी राहिलेली बघून टेकूचं भान सुटलं. ओठ हलवून, चांगल्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, "आणि हात कधी सोडलात ते कळलंही नाही!"

तिने मान वर केली. त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा?" असं तिच्या तोंडून निघालं.

टेकूने डोळे उघडले नाहीत. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच आपण दुसऱ्याचा शॉट घालवला, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"कट," दिग्दर्शिका पुटपुटली.

टेकू ताडकन उठून बसला. "माफ करा. चूक माझी. पोरीला बोल लावू नका, पुन्हा घेऊ."

पण दिग्दर्शिकेचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या छोट्या पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघत होती. हळूहळू तिच्यामागे गर्दी जमली. मालिकेतली नर्स अंगावर आलेला काटा चोळत म्हणाली, "हे तर जिवंत आहेत!" लेखकाने दोन्ही फोन खिशात टाकले, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. निर्माती बाईंना खाली बोलावलं. त्यांनी तुकडा दोनदा पाहिला आणि चष्मा काढून डोळे टिपले.

"या माणसाला मारायचं कोण म्हणालं?"

"बाई, तुम्हीच," लेखक म्हणाला.

"मी म्हटलं म्हणून तुम्ही लगेच मारायला निघालात?"

आठ वर्षांची उडी रद्द झाली. वडील शुद्धीवर येणार असं ठरलं. आणि शनिवारी लेखकाने टेकूच्या हातात कागद ठेवले. "काका, हे तुमच्यासाठी. सात महिने सगळ्यांचं ऐकलंत. आता तुम्ही बोला."

मोजून दीड पान होतं.

टेकूने ते घरी बायकोला स्वयंपाकघरात उभं राहून म्हणून दाखवलं. प्रत्येकाला नाव घेऊन सांगितलं होतं, काय ऐकलं आणि काय माफ केलं. बायको गाजरं चिरत होती. दुसऱ्या परिच्छेदाला सुरी थांबली. संपल्यावर तिने हात पुसून त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सारखी केली.

दाराशी मुलगी उभी होती. "बाबा, सुंदर आहे," ती म्हणाली, आणि मग जरा चाचरली. "पण सात महिने तुमचा घसा बंदच होता ना? त्यातून एकदम दीड पान कुठून येणार?"

"नाटकात चालतं!"

"चालतं. पण तुम्हीच तर पायाची फळी मागून घेतलीत. मग आता?"

टेकू चिडला. कागद घेऊन गॅलरीत जाऊन बसला. चौतीस वर्षांनी तोंडाशी आलेला घास, आणि पोटची पोर म्हणते खाऊ नका! तिथेच बसून त्याने भाषण आणखी दोनदा म्हटलं, एकदा जोरात, एकदा कुजबुजत. कुजबुजताना मात्र तो मधेच थांबला. थोड्या वेळाने मुलगी चहा घेऊन आली.

"तुझे पेशंट शुद्धीवर आल्यावर काय बोलतात गं?" त्याने विचारलं.

"काहीही. एका आजींनी विचारलं, 'गच्चीवरचे कपडे काढले का?' एक जण म्हणाला, 'चष्मा.' एवढंच. त्याला आधी बघायचं होतं आपल्याभोवती कोण आहे ते."

सकाळी टेकूने लेखकाला फोन केला. "फार सुरेख लिहिलंयस. असं मला आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं. पण मला ते बोलता येणार नाही. एकच शब्द ठेव." पलीकडे दुसरा फोन बंद केल्याचा आवाज आला. मग लेखक म्हणाला, "काका, हे मला सुचायला हवं होतं."

"लोक वाक्यं वाढवून मागतात, आणि तुम्ही दीड पान परत केलंत?" बायकोने विचारलं.

"तुला म्हणून दाखवलं ना? झालं की."

त्या प्रवेशाला सगळे पलंगाभोवती उभे होते. टेकूने पापण्या उघडल्या, त्याही दोन्ही एकदम नाही. ओठ हलले, आवाज फुटला नाही. दुसऱ्या खेपेला घसा खरवडून शब्द आला, "च… चष्मा."

आणि लक्षात आलं की चष्मा कुणी आणून ठेवलेलाच नव्हता. सात महिने डोळे मिटलेल्या माणसाच्या चष्म्याची आठवण कुणाला राहणार? नायिकेने उशाशी चाचपडलं, खण उघडला, बंद केला. कॅमेरा चालूच. तेव्हा कपटी काका करणारा नट पुढे झाला. त्याने स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि टेकूच्या नाकावर बसवला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. चष्म्याविना त्याला पुढचं काही दिसेना, म्हणून तो पलंगाची कड धरून खालीच बसला. टेकूने त्याच्याकडे पाहिलं, मग नायिकेकडे, मग एकेकाकडे. परक्या नंबरच्या काचांतून त्यालाही सगळं धूसरच दिसत होतं, पण त्याने प्रत्येकाला सावकाश, ओळख पटेपर्यंत पाहिलं. दिग्दर्शिका कट म्हणाली ती घड्याळाकडे न बघताच.

तो भाग लागला त्या संध्याकाळी घरात बसायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरची मंडळी, बायकोच्या शाळेतल्या बाई, मुलीच्या हॉस्पिटलातल्या तिघी नर्स. टेकूने पडद्यावर डोळे उघडले आणि सासूबाईंनी शेजारच्या टेकूच्या मांडीवर जोरात थाप मारली. "बघा, मी म्हणत होते! पोरगं नुसतं आळसाने पडलंय!" कपटी काकाने चष्मा दिला तेव्हा त्या टेकूच्या कानाशी वाकल्या. "परत देऊ नका हं जावईबापू. अंगठ्याचं देणं आहे त्याच्याकडे." खोलीभर हशा उसळला. नायिकेचा फोन आला, पण टेकूला तिचं बोलणं ऐकू येईना आणि तिला त्याचं. दोघं नुसतेच हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी लेखकाने पुढचं काम कळवलं: आता चालायला शिकायचं. म्हणून पुढच्या सकाळी सहा वाजता, ड्यूटीला जाण्याआधी, मुक्कामाला राहिलेल्या मुलीने बापाला इमारतीच्या लांब व्हरांड्यात उभं केलं.

"डावा पाय आधी, बाबा. उचलू नका, सरकवा. खांदा उजवीकडे. आता श्वास."

टेकू घाम गाळत लिफ्टपर्यंत गेला आणि वळला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे निवृत्त ग्रंथपाल राहायचे. घरात टीव्ही न ठेवणारे ते मजल्यावरचे एकटेच. वर्तमानपत्र उचलायला वाकलेले ते तसेच थांबले.

"अरे देवा! हे कधी झालं?" धावत येऊन त्यांनी टेकूचा दुसरा कोपर धरला. "आणि मला कुणी सांगितलं नाही? शेजारी कशाला असतात?"

"काका, अहो, ते अभिनय करताहेत," मुलगी म्हणाली.

ग्रंथपालांनी कोपर सोडला. त्यांनी टेकूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागवावं की हसावं हे ठरवायला त्यांना जरा वेळ लागला.

"पुन्हा चालून दाखवा," ते म्हणाले.

टेकू चालला.

"चूक. माझ्या थोरल्या भावाला मी दोन वर्षं चालवलंय. माणूस पाय ओढतो ते खरं, पण वळताना तो भिंत शोधतो. असा." वर्तमानपत्र काखेत मारून ग्रंथपाल स्वतः पाय सरकवत निघाले आणि वळताना त्यांचा हात हवेत भिंत चाचपत गेला.

"थांबा, थांबा, हे मस्त आहे," टेकू म्हणाला. "हात आधी जातो की नजर?"

"हात. नजर पायांवर असते."

मग दोन म्हातारे एकामागून एक व्हरांड्यातून लंगडत गेले आणि लंगडत परत आले. मुलीने घड्याळात पाहिलं. तिची बस केव्हाच गेली होती. ती पायरीवर बसली आणि ओरडली, "बाबा, खांदा! काका, तुम्ही त्यांना बिघडवू नका हं!"